दोन मजकूर शेजारी ठेवताना

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई उच्च न्यायालयात नऊ ज्युरींनी लोकमान्य टिळकांच्या राजद्रोहाच्या खटल्यात आपला कौल दिला. सात जणांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. ते सातही युरोपियन होते आणि ते दोघे पारशी. न्यायमूर्ती दावर यांनी बहुमताचा कौल मानून सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सुनावली. खटला उभा होता 'केसरी'तल्या लेखांवर: १२ मेचा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. मजकूर तोच, पुरावा तोच, ऐकलेली भाषणेही तीच. तरीही एकाच खोलीत बसलेल्या नऊ माणसांत त्या मजकुराची दोन वाचने झाली.

हा प्रसंग राजकीय इतिहासात वारंवार सांगितला जातो. माध्यमांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला मी तो दुसऱ्या कारणासाठी सांगतो. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला आणि सुमारे एकवीस तास ते बोलले. त्या प्रदीर्घ भाषणातला एक मुख्य धागा असा होता की, हे लेख सुटे काढून वाचू नका. या लेखांना निमित्त ठरलेल्या मुजफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर अँग्लो-इंडियन पत्रांनी काय लिहिले, अलाहाबादच्या 'पायोनियर'ने कोणता सूर लावला, देशी पत्रांनी त्याला काय उत्तर दिले, हे सगळे समोर घ्या आणि मग 'केसरी'चे वाक्य त्या वादात कुठे बसते ते ठरवा. त्यासाठी त्यांनी निरनिराळ्या पत्रांतले उतारे पुराव्यात दाखल केले. कोर्टाला ते पटले नाही. पण एखाद्या मजकुराचा अर्थ त्याच्या आजूबाजूच्या मजकुरांशिवाय लागत नाही, हे तत्त्व एका मराठी संपादकाने आरोपीच्या पिंजऱ्यातून इतक्या तपशिलाने मांडले होते. अर्थात टिळक तिथे वकिली करत होते. आपल्याला उपयोगी पडणारे उतारेच ते निवडणार. तुलनेसाठी काय निवडले आणि काय वगळले, हा प्रश्न तुलना करणाऱ्यालाही विचारावा लागतो. तो प्रश्न या प्रस्तावनेत पुढे पुन्हा येईल.

त्यानंतर साडेअकरा वर्षांनी, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्यातल्या पहिल्याच लेखात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई इलाख्यातल्या वृत्तपत्रांचा आढावा घेतला. बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध सांभाळतात, असे त्यांचे निदान होते. 'दीनमित्र', 'जागरूक', 'विजयी मराठा', 'ज्ञानप्रकाश' अशा काही पत्रांतून बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा होते, हे त्यांनी प्रांजळपणे नोंदवले. पण तिथेही या प्रश्नांना पुरेशी जागा मिळणे शक्य नाही, म्हणून स्वतंत्र पत्र हवे, असा त्यांचा युक्तिवाद होता. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नाही, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. सरकारी वकिलाच्या बाकावरून पाहिले तर 'केसरी' धोक्याचे पत्र होते, आणि 'मूकनायक'च्या कचेरीतून पाहिले तर दार लावून घेतलेले. दोन्ही निरीक्षणे आपापल्या जागी खरी आहेत. आंबेडकरांच्या त्या लेखातून शिकण्यासारखी गोष्ट अशी की, त्यांनी छापलेल्याइतकेच न छापलेल्याकडे पाहिले. एका अंकात काय नाही, ते तो अंक एकटा असताना दिसत नाही. अनेक पत्रे मांडली की रिकामी जागा दिसू लागते.

ही दोन उदाहरणे आधी सांगण्यामागे माझा हेतू आहे. आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत या विषयाची सुरुवात बहुधा पॅरिस किंवा बर्मिंगहॅमपासून होते. रोलां बार्थ यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये साप्ताहिकाच्या मुखपृष्ठापासून साबणाच्या जाहिरातीपर्यंत रोजच्या वस्तू वाचून दाखवल्या. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये असे मांडले की, मजकूर तयार करणारा जो अर्थ त्यात भरतो तोच घेणारा काढेल असे नाही. कोणी तो जसाच्या तसा स्वीकारतो, कोणी घासाघीस करून घेतो, कोणी उलटा वाचतो. हे विचार मोलाचे आहेत, आणि १९०८ च्या ज्युरींकडे पाहताना हॉल यांची मांडणी फार उपयोगी पडते. पण या विद्येची गरज आपल्याला बाहेरून कळली, असे विद्यार्थ्याच्या मनात राहू नये. मराठी पत्रसृष्टीतल्या भांडणांनी ती गरज केव्हाच निर्माण केली होती.

मग दोन मजकूर शेजारी ठेवल्याने नेमके काय साधते? एकटा मजकूर नैसर्गिक वाटतो. बातमी अशीच लिहायची असते, कॅमेरा इथेच लावायचा असतो, गोष्ट अशीच संपायची असते, असे वाटत राहते. दुसरा मजकूर शेजारी आला की कळते, हे असेच असायला हवे होते असे नाही. कोणीतरी हे निवडले. ही निवड दिसू लागणे, हाच या अभ्यासाचा गाभा आहे. बाकीच्या साऱ्या संज्ञा आणि सिद्धान्त त्या दिसण्याला धार लावण्यासाठी आहेत.

एक साधे, कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी मोर्चा निघाला, गोंधळ झाला, पोलिसांनी काठ्या चालवल्या. दुसऱ्या दिवशीचे तीन मथळे असे: 'मोर्चेकऱ्यांवर पोलिसांचा लाठीमार'; 'मोर्चाला हिंसक वळण, पोलिसांना करावा लागला सौम्य लाठीमार'; 'मोर्चात लाठीमार, बारा जखमी'. पहिल्यात कर्ता ठळक आहे. दुसऱ्यात तो आहे, पण 'करावा लागला' या क्रियापदाने त्याच्यावरची जबाबदारी काढून मोर्चावर टाकली आहे, आणि 'सौम्य' हे विशेषण काठी खाणाऱ्याने लावलेले नाही हे उघड आहे. तिसऱ्यात कर्ताच नाही. पाऊस पडावा तसा लाठीमार पडला. यातला एकही मथळा खोटा नाही. बातमीची सत्यता तपासणारी मंडळी आज मोठे काम करत आहेत, पण तिन्ही मथळे त्यांच्या चाळणीतून सुखरूप बाहेर येतील. आपला अभ्यास तिथून पुढे सुरू होतो.

मराठीत तर या कामासाठी असे एक साधन आहे, जे इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सापडणार नाही, कारण इंग्रजीला त्याची गरज नाही. ते म्हणजे आदरार्थी बहुवचन. मोबाइल चोरल्याच्या संशयावरून पकडलेला माणूस पहिल्या वाक्यापासून 'तो' असतो: 'त्याला अटक करण्यात आली.' लाच घेताना पकडलेले अधिकारी बऱ्याचदा 'ते' असतात: 'त्यांना ताब्यात घेण्यात आले.' आरोप दोघांवरही आहे, सिद्ध दोघांवरही झालेला नाही. एखादे गाजलेले प्रकरण घ्या आणि त्यातल्या आरोपीचा उल्लेख निरनिराळ्या दैनिकांत कोणत्या दिवशी 'ते'वरून 'तो'वर आला, याचा तक्ता करा. अटकेच्या दिवशी? आरोपपत्राच्या? पक्षाने हकालपट्टी केल्याच्या? की कधीच नाही? अशा तक्त्यातून प्रतिष्ठेचा जो नकाशा हाती येतो तो कोणत्याही संपादकीय धोरणात लिहिलेला नसतो. उपसंपादकाच्या कानात असतो. माझ्या मते मराठी माध्यम-अभ्यासाने या दिशेने अजून फार थोडे काम केले आहे, आणि नव्या अभ्यासकांनी ते हाती घ्यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुलना म्हटली की फरक शोधायचा, अशी सवय लागते. कधीकधी मात्र साम्यच बोलते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दाखवून दिले की, एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा छापला गेला होता, आणि तोही बातमी म्हणून. त्यासाठी कोणाच्या घरावर पाळत ठेवावी लागली नाही. वाचनालयात मिळणारे अंक एकत्र ठेवले गेले. प्रत्येक वर्तमानपत्राचा वाचक स्वतंत्र. आपण वाचतो ते दुसऱ्या कोणाच्या पत्रातही स्वल्पविरामासकट आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. पुढे प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्याकडे पैसे घेऊन बातमी छापण्याच्या या पेड न्यूजच्या प्रकाराचा अभ्यास सोपवला आणि २०१० मध्ये त्यांचा सविस्तर अहवाल तयार झाला. दोन पत्रांनी एकाच घटनेकडे वेगळे पाहणे हे सहसा निरोगीपणाचे लक्षण असते. वेगळे असायला हवे तिथे एकसारखे दिसले की थांबून विचारायला हवे.

आता चित्रपटांकडे वळतो, कारण तुलनेच्या अभ्यासाला पुण्याच्या प्रभात कंपनीइतके समृद्ध क्षेत्र क्वचितच मिळेल. बोलपटाच्या पहिल्या दशकात प्रभातने आपले अनेक चित्रपट एकाच वेळी मराठीत आणि हिंदीत काढले: 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये, 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' १९३७ मध्ये, 'माणूस' आणि 'आदमी' १९३९ मध्ये, 'शेजारी' आणि 'पडोसी' १९४१ मध्ये. ही भाषांतरे नव्हेत आणि डबिंगही नव्हे. दिग्दर्शक तोच, स्टुडिओ तोच, कथा तीच, चित्रीकरण दोनदा. म्हणजे प्रयोगशाळेत करतात तसे जवळजवळ सगळे घटक स्थिर ठेवून एखादाच बदलल्यासारखे.

'शेजारी' पाहा. व्ही. शांताराम यांचा प्रभातमधला हा शेवटचा चित्रपट, कथा विश्राम बेडेकरांची. गावातले दोन वृद्ध मित्र, एक हिंदू, एक मुसलमान, बुद्धिबळाच्या पटावर रमणारे. धरण बांधू पाहणाऱ्या बड्या धंदेवाईकाच्या स्वार्थापायी त्यांच्यात वितुष्ट येते, आणि धरण फुटते तेव्हा दोघे हातात हात घेऊन जातात. मराठीत हिंदू म्हाताऱ्याच्या भूमिकेत केशवराव दाते होते आणि मिर्झांच्या भूमिकेत गजानन जागीरदार. हिंदीत जागीरदार मिर्झाच राहिले, पण हिंदू ठाकुराची भूमिका मझहर खान यांनी केली. म्हणजे 'पडोसी'त मुसलमान नट हिंदू झाला होता आणि हिंदू नट मुसलमान. पडद्यावरची गोष्ट दोन्हीकडे तीच. पण १९४१ साल आहे, आदल्याच वर्षी मुस्लिम लीगचा लाहोरचा ठराव झालेला आहे, आणि प्रेक्षक श्रेयनामावलीत नटांची नावे वाचतो. हिंदी प्रेक्षकाला पात्रांच्या मैत्रीबरोबर आणखी एक विधान दिसत होते, जे संवादात कुठेही नाही. ते विधान फक्त 'पडोसी' पाहणाऱ्याला योगायोग वाटेल. 'शेजारी' शेजारी ठेवला की ती निवड म्हणून उभी राहते. मी मुद्दाम 'हेतू' म्हणत नाही, 'निवड' म्हणतो. निर्मात्याच्या मनात काय होते ते मजकुरावरून सिद्ध होत नाही. मजकुरात काय केले गेले ते होते. या दोहोंतला फरक या विषयात पाऊल टाकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून पाळावा.

'कुंकू'बद्दल एकच गोष्ट सांगतो. त्यात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते दृश्यातल्याच कोणत्यातरी वस्तूतून किंवा माणसातून येते. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज त्यामुळे इतका जड होतो. पण आजच्या विद्यार्थ्याला हा चित्रपट एकटा दाखवला तर जुना चित्रपट म्हणून आवाज कमी असेल, असे त्याला वाटून जाते. त्याच काळातला दुसरा एखादा बोलपट लगेच दाखवला की त्या शांततेमागची मेहनत ऐकू येते.

अलीकडच्या काळातली जोडी सर्वांच्या तोंडी आहे: नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) आणि त्यावरून शशांक खेतान यांनी केलेला 'धडक' (२०१८). इथे अडचण अशी की, विद्यार्थी निकाल घेऊनच वर्गात येतात: मूळ अस्सल, नक्कल पोकळ. हा निकाल चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. माझाही कल तिकडेच आहे. पण निकालापासून सुरुवात केली की पाहणे थांबते. म्हणून आधी फक्त नोंदी करायच्या. गाणी दोन्हीकडे अजय-अतुल यांची, 'झिंगाट'ची चाल तीच. गाव करमाळ्याच्या परिसरातून उदयपूरला गेले, पळून जाण्याचे शहर हैदराबादऐवजी कोलकाता झाले. 'सैराट'मध्ये वर्गात कविता शिकवणाऱ्या लोखंडे सरांना पाटलाचा पोरगा थोबाडीत मारतो आणि पुढे वाड्यावर त्या गोष्टीची दखल कशी घेतली जाते, यातून जात कशी चालते हे कुणी न बोलता कळते. 'धडक'मध्ये जातीचा उल्लेख ओझरता येतो. आणि शेवट: 'सैराट'मध्ये दोघेही मारले जातात, लहान मूल रक्तात पाय बुडवून बाहेर पडते, आवाज पूर्ण बंद असतो. 'धडक'मध्ये नवरा आणि मूल मारले जातात, ती उरते. नोंदी झाल्या की मग प्रश्न विचारावा: जिवंत उरलेली बाई प्रेक्षकाला काय देते? तिच्याबरोबर रडता येते. तिचा चेहरा आपल्या दुःखाला जागा देतो. 'सैराट'चे मूल ती जागा देत नाही, कारण काय घडले ते त्यालाच कळलेले नाही. कळण्याचे सगळे ओझे पाहणाऱ्यावर पडते. आता जो निकाल लागेल तो त्याच दिशेचा असला तरी कारणांसह लागेल, आणि वादात टिकेल.

भाषा आणि भूमिका यांची गल्लत होऊ नये म्हणून गोव्याचे उदाहरण मला नेहमी जवळचे वाटते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा, दमण आणि दीवपुढे प्रश्न होता की, महाराष्ट्रात वा गुजरातेत विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे. गोव्यात विलीनीकरणाच्या बाजूने 'गोमन्तक' झुंजत होता. विरोधात मडगावचे 'राष्ट्रमत', ज्यात उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर गाजत होते. दोन्ही मराठी दैनिके. गोव्यात कौल विलीनीकरणाच्या विरोधात ३४,०२१ मतांच्या फरकाने लागला. मराठी पत्र म्हणजे महाराष्ट्रवादी पत्र, असे गृहीत धरून जो अभ्यासक त्या काळाकडे जाईल त्याला 'राष्ट्रमत'चा एकच आठवडा वाचला तरी सगळी मांडणी पुन्हा करावी लागेल.

काही पथ्ये मात्र सांगायलाच हवीत. अग्रलेखाची तुलना अग्रलेखाशी करावी, बातमीची बातमीशी. एका पत्राचा अग्रलेख आणि दुसऱ्याची बातमी घेऊन पक्षपात सिद्ध करणे ही लबाडी आहे, मग ती नकळत का होईना. तारखा जुळवाव्यात, कारण सकाळी माहीत नसलेली गोष्ट दुपारच्या मजकुरात आली तर तो दृष्टिकोनाचा फरक नसतो. कोणते उतारे घेतले आणि कोणते सोडले, ते लिहून ठेवावे. टिळकांना लावलेली कसोटी आपल्यालाही लावायची आहे. आणि मजकूर पाहून परिणाम सांगू नये. चित्रपटाने समाज बिघडला किंवा सुधारला, हे चित्रपट कितीही बारकाईने पाहिला तरी कळत नाही. त्यासाठी पाहणाऱ्यांकडे जावे लागते, त्यांच्याशी बोलावे लागते.

मोबाइलच्या पडद्याने या कामात एक नवी अडचण आणली आहे. छापील अंक सर्वांना एकच मिळत असे. आता संकेतस्थळावरचा मथळा सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसरा, जुना कुठे शिल्लक राहत नाही; आणि एकाच घरातल्या दोघांच्या पडद्यावर वेगळी पाने येतात. त्यामुळे अभ्यासकाला आता संग्राहकही व्हावे लागते. तारीख आणि वेळेसह स्क्रीनशॉट ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

साहित्याची मात्र वाण नाही. प्रभातचा स्टुडिओ होता तिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि त्याच पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत'चे अंक महाराष्ट्र शासनाने पुन्हा छापून उपलब्ध केले आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जुन्या ग्रंथालयांत दैनिकांच्या बांधीव फाइली आहेत.

तिथवर जाण्याआधी करून पाहण्याजोगा पहिला अभ्यास सुचवतो. पुढच्या वेळी कांद्याचे भाव चढतील तेव्हा शहरातले एखादे दैनिक आणि 'ॲग्रोवन' हे शेतीचे दैनिक असे दोन्ही आठवडाभर रोज घ्यावे. एकात 'कांदा महागला' किंवा 'कांद्याने रडवले' असेल, दुसऱ्यात 'कांदा दरात सुधारणा'. छायाचित्र कोणाचे आहे, पिशवी घेतलेल्या गृहिणीचे की ट्रॅक्टरजवळ उभ्या शेतकऱ्याचे, ते नोंदवावे. एकात भाव किलोचा आणि किरकोळ असतो, दुसऱ्यात लासलगावच्या बाजाराचा, क्विंटलचा आणि घाऊक. दोन्ही एका मापात आणून लिहावेत. आणि त्या दोन भावांच्या मधले लोक, म्हणजे अडते, हमाल, वाहतूकदार, हातगाडीवाले, आठवडाभरात कोणत्या पत्रात किती वेळा बोलताना दिसले, यासाठी वहीत एक वेगळा रकाना आखून ठेवावा.